पैलवान घडतो जोडीवर

महाराष्ट्र केसरीची चांदीची गदा एकाच खांद्यावर चढते. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावच्या विजय चौधरींनी ती २०१४ला अहमदनगरला, २०१५ला नागपूरला आणि २०१६ला पुण्यात उचलली. सलग तीनदा हा मान मिळवणारे नरसिंग यादवांनंतरचे ते दुसरेच पैलवान. खानदेशाची या स्पर्धेशी ओळख मात्र फार जुनी. स्पर्धा सुरू झाली १९६१ साली, आणि दुसऱ्याच वर्षी तिचं मैदान धुळ्यात भरलं. तिथे भगवान मोरे विजयी झाले. १९६६ला जळगावात दीनानाथ सिंह.

विजेत्यांची नावं फळ्यावर लागतात. ज्यांच्या अंगावर डाव घोटून ते मैदानात उतरले, त्या तालमीतल्या जोडीदारांची नावं कुठेच लागत नाहीत. तालीम ही संस्था मुळात या बिननावाच्या माणसांवर उभी आहे, असं माझं ठाम मत आहे.

खानदेशातला उन्हाळा अंग भाजून काढणारा, म्हणून मेहनत पहाटेच उरकायची. मारुतीला हात जोडून पहिलं काम हौद उकरायचं. तेल, ताक, हळद, लिंबू पिऊन मुरलेली लाल माती रात्रीत दबून बसलेली असते. एकानं खोरं मारायचं, दुसऱ्यानं ढेकळं फोडायची, बारक्या पोरांनी खडे वेचायचे. एखादा खडा राहिला तर तो कुणाच्या पाठीत घुसेल हे सांगता येत नाही, त्यामुळे इथे कामचुकारपणा लगेच उघडा पडतो. मग जोर-बैठका, आणि त्यानंतर लढत.

लढतीत वस्तादांची नजर खालच्या गड्यावर जास्त असते. ढाक शिकवायची असेल तर कुणीतरी शंभरदा पाठीवर पडायला तयार हवं. त्यानं उगाच लुळं पडून चालत नाही. डाव मारणाऱ्याला खोटा विश्वास येतो आणि दंगलीत तोच डाव फसतो. हट्टानं ताठ राहिला तर समोरचा शिकतच नाही, वर मान मुरगळते. प्रतिकार नेमका किती करायचा, हनुवटी छातीला कधी लावायची, अंग कुठल्या क्षणी सैल सोडायचं, हे शिकायला डाव शिकण्याइतकीच वर्षं लागतात. वरच्यावर जबाबदारी त्याहून मोठी. गडी हवेत असताना त्याचा दंड सोडायचा नाही, म्हणजे तो मानेवर न येता पाठीवर येतो. एकेरी पट काढताना गुडघा वाकडा पिळायचा नाही. खालच्यानं मातीवर हात आपटला की पकड तिथल्या तिथे ढिली. ‘जोड सांभाळ रे भो!’ ही हाक म्हणूनच तालमीत सारखी ऐकू येते. ज्याच्या हातून जोडीदार वारंवार दुखावतो, त्याच्याशी लढायला हळूहळू कुणी उतरत नाही आणि त्याची प्रगती तिथेच थांबते. ही शिक्षा वस्तादांना द्यावी लागत नाही.

थोरला गडी पोराशी लढतो तेव्हा तर पाहण्यासारखं असतं. तो मुद्दाम पट मोकळा ठेवतो. पोरानं तो हेरला की आपण होऊन पडतो, चुकला की तीच जागा पुन्हा उघडी करतो. लढत संपल्यावर दोघं एकमेकांची माती पुसतात, पोरगं पाया पडतं. गावच्या यात्रेत त्या पोराची कुस्ती लागली की हाच थोरला आखाड्याच्या कडेला उकिडवा बसून घसा बसेपर्यंत ओरडतो. मला कुस्तीतलं सगळ्यात सुंदर दृश्य हेच वाटतं.

गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत गुणांवर निकाल लागतो, मातीतली कुस्ती चितपटीकडे डोळे लावून असते. तरी जोडीदाराची गरज दोन्हीकडे सारखीच. खेड्यातल्या तालमीत जड वजनाचा एकच गडी असला तर त्याच्या ताकदीला उत्तर देणारं कुणी उरत नाही. चांगली पोरं पुणे-कोल्हापूरची वाट धरतात त्यामागे खुराक आणि वस्ताद जितके, तितकीच तिथे मिळणारी तोलामोलाची जोड. मुलींचं तर याहून अवघड. एकटी मुलगी आली की तिला लहान मुलांशी लढवावं लागतं. यावरचा उपाय फार पैशांचा नाही. चाळीसगाव, पारोळा, अमळनेर, धुळे ही गावं एकमेकांपासून फार लांब नाहीत. आसपासच्या तालमींनी आठवड्यातली एक पहाट एकत्र लढत ठेवली, प्रत्येकानं आपापल्या वजनाचा गडी गाठला, तर सायगावसारख्या गावातल्या पुढच्या पोराला निदान सुरुवातीची काही वर्षं तरी घर सोडावं लागणार नाही.