स्क्रीनवरची चार मिनिटं

थांब्यावरच्या बाई चढता चढताच फोन कंडक्टरपुढे धरतात. "ॲपवर चार मिनिटं दाखवत होतं, वीस मिनिटं झाली. मधली गाडी न थांबवताच नेलीत ना?" कंडक्टर सांगतो, त्या वेळची फेरी सुटलीच नव्हती. बाईंना हे पटत नाही. सॅटेलाइटला दिसलेली गाडी सुटली कशी नव्हती?

मुंबई असो की पुणे, हा वाद थांब्याथांब्यावर ऐकू येतो आणि त्याच्या मुळाशी एकच समज असतो: ॲपवर मिनिटं दिसली म्हणजे गाडी उपग्रहाला दिसली. शिकलीसवरलेली माणसंही हे इतक्या खात्रीनं सांगतात की चीड यावी, कारण बोलणी खातो तो कंडक्टर. त्या आकड्यात त्याचा काडीचाही हात नसतो.

उपग्रहाला कुठलीच बस दिसत नाही. जीपीएसचे उपग्रह फक्त संकेत सोडतात. बसकडून किंवा फोनकडून ते काही घेत नाहीत. बसमधलं यंत्र त्या संकेतांवरून स्वतःची जागा काढतं आणि आतल्या सिमकार्डावरून, साध्या मोबाइल नेटवर्कनं, ती सर्व्हरला कळवतं. नव्यानं नोंदल्या जाणाऱ्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना १ जानेवारी २०१९ पासून असं यंत्र केंद्राच्या नियमानं बंधनकारक आहे. रिक्षा आणि ई-रिक्षा त्यातून वगळल्या आहेत.

पण यंत्र सांगतं ते इतकंच, की अमुक गाडी अमुक जागी आहे. ती कोणत्या मार्गावरची कितवी फेरी करते आहे, हे कुणीतरी जोडून द्यावं लागतं. सकाळी एक गाडी बंद पडली, डेपोनं दुसरी लावली आणि नोंद बदलायची राहून गेली, तर रस्त्यावर धावणारी बस ॲपला दिसत नाही आणि डेपोत उभी असलेली मात्र येणार म्हणून मोजली जाते. फेरी रद्द झाल्याचं कुणी कळवलंच नाही, तर वेळापत्रकातली वेळ स्क्रीनवर तशीच राहते. बाईंची चार मिनिटं अशीच आलेली असू शकतात.

म्हणजे एकाच आकड्याच्या रूपात तीन वेगवेगळ्या गोष्टी समोर येतात. पहिली, छापील वेळापत्रकातली वेळ. दुसरी, बसनं स्वतः कळवलेल्या जागेवरून काढलेली वेळ. तिसरी, बसचा पत्ताच नसताना रस्त्यावरच्या वाहतुकीवरून बांधलेला अंदाज.

हा तिसरा प्रकार फार थोड्यांना ठाऊक असतो. जून २०१९ मध्ये गुगल मॅप्सनं भारतातल्या दहा शहरांत बसची वेळ दाखवायला सुरुवात केली; त्यांत मुंबई आणि पुणेही होती. बस वेळेवर असेल तर हिरवा रंग, उशीर असेल तर लाल. लोकांनी समजून घेतलं, की आता बस थेट दिसायला लागली. प्रत्यक्षात ही सोय चालत होती ती वाहतुकीची चालू माहिती आणि बसची वेळापत्रकं यांच्या मेळावर. त्याच महिन्यात कंपनीच्या संशोधकांनी पद्धत लिहूनच दिली: जिथं बसगाड्यांची जागा मिळते तिथल्या नोंदींवर गणित शिकवायचं आणि जिथं ती मिळत नाही तिथं वापरायचं. मोटारीचा वेग बसला जसाच्या तसा लावता येत नाही. बसला थांब्यावर वेग कमी करावा लागतो, माणसं उतरवून-चढवून पुन्हा निघावं लागतं. तेही त्यांनी हिशेबात धरलं होतं. काम चांगलंच आहे, पण आहे तो अंदाज. सुटलीच नाही ती बस अशा गणिताला कळणार कशी?

खरं-खोटं ताडायला एक साधा उपाय आहे. नकाशावर गाडीचं चिन्ह उघडून पाहावं आणि मिनिटभरानं पुन्हा पाहावं. ते रस्त्यावरून सरकलं असेल तर बस बोलते आहे. गाडीचं चिन्हच नसेल आणि नुसती मिनिटं कमी होत असतील, तर बहुधा पुढे सरकतंय ते घड्याळ. चिन्ह एकाच जागी अडकलं असेल तर ट्रॅफिक तरी आहे, नाहीतर यंत्राचा संपर्क तुटला आहे. त्या वेळी 'शेवटची नोंद किती वाजताची' ही बारीक अक्षरांतली ओळ वाचावी.

आता बाकीचे समज.

'वेळापत्रक गुगल बनवतं.' नाही. ते परिवहन संस्था देते, एका ठरलेल्या साच्यात. २००५ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या ट्रायमेट या संस्थेबरोबर गुगलनं तो साचा तयार केला. मध्यरात्रीनंतर १ वाजून १० मिनिटांनी येणारी आदल्या दिवसाची फेरी त्यात २५:१०:०० अशी लिहितात. अशा फायलीत चूक राहिली की ती प्रत्येक ॲपवर उमटते. दुरुस्ती मागायची ती संस्थेकडे.

'नेट नसलं की सगळं ठप्प.' एम-इंडिकेटर या ॲपमधलं मुंबईच्या लोकलचं वेळापत्रक नेटशिवाय उघडतं. गाडीत बसलेल्याला 'व्हेअर इज माय ट्रेन' हे ॲप मोबाइलच्या टॉवरवरून जागा सांगतं, नेट आणि जीपीएस दोन्ही बंद असताना.

'रेल्वेची जागा अजून स्टेशनमास्तरच कळवतो.' इस्रोच्या सहकार्यानं उभारलेल्या आरटीआयएस प्रणालीत इंजिनावरचं यंत्र दर ३० सेकंदांनी जागा कळवू शकतं, दोन स्टेशनांच्या मधेही. ते सगळ्या इंजिनांवर एकदम बसलेलं नाही, टप्प्याटप्प्यानं बसवलं जातं आहे.

'ॲपवर लोकल आहे म्हणजे ती धावणारच.' रविवारी मुंबईत घराबाहेर पडण्यापूर्वी मेगाब्लॉकची, म्हणजे दुरुस्तीसाठी मार्ग बंद ठेवण्याची, सूचना वेगळी पाहावी. वेळापत्रकाच्या फायलीत ती असेलच असं नाही.