फुकटच्या सॉफ्टवेअरचे भाडे

नेसरीतल्या आमच्या गटांचे बचत-कर्जाचे हिशेब वहीतून संगणकावर न्यायचे ठरले, तेव्हा आम्ही ईआरपीनेक्स्ट निवडले. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे हे मुक्त सॉफ्टवेअर. ते घ्यायला पैसे पडत नाहीत. मग खर्च कसला? ते चालवायला रात्रंदिवस सुरू राहणारा संगणक लागतो. तो दूरच्या कंपनीकडून भाड्याने घेणे म्हणजेच क्लाउड. बियाणे फुकट मिळाले तरी जमीन खंडाने घ्यावी लागते, तसेच हे.

पहिल्यांदा आम्ही नुसते स्वस्त भाडे पाहिले. एक जीबी मेमरीवर हे सॉफ्टवेअर सारखे अडायचे. त्याला चार जीबी तरी हवी. नेमके वसुलीच्या दिवशी काहीच उघडेना. बॅकअप, म्हणजे नोंदींची जादा प्रत, कोणी काढलीच नव्हती. वही चालू ठेवली होती, म्हणून हिशेब वाचला.

आता आम्ही आधी विचारतो: १८ टक्के जीएसटी धरून भाडे किती? पहिल्या वर्षानंतर किती? रोजचा बॅकअप कोण घेते, आणि तो दुसऱ्या ठिकाणी ठेवतात का? बिघाड झाला तर फोन कोण उचलते?

मुक्त सॉफ्टवेअरचा खरा फायदा इथेच आहे. बॅकअप हाती असला, तर तेच हिशेब दुसऱ्या कंपनीच्या संगणकावर पुन्हा उभे करता येतात. म्हणून दर महिन्याला आम्ही बॅकअप उतरवून घेतो आणि तो उघडतो का, तेही पाहतो. पेटी दुसऱ्याच्या घरी ठेवली, तरी किल्ली आपल्याच कमरेला हवी.