चाकाचा खुबा

बैलगाडीच्या चाकाला काम एकच, आसाभोवती फिरायचे. खड्डा आला की चाक, गाडी आणि गाडीवान सगळेच एकदम आदळतात. मोटारीच्या पुढच्या चाकाला मात्र तीन कामे एकाच वेळी करावी लागतात. ते फिरते, खड्ड्यात खाली-वर होते, आणि चालकाने स्टिअरिंग वळवले की डावी-उजवीकडे वळते.

हे साधते कसे? उत्तर आपल्या अंगातच आहे. मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या वाटीत बसतो, त्याला आपण खुबा म्हणतो. म्हणून पाय पुढे-मागे जातो, बाजूला जातो आणि वळतोही. मोटारीत पोलादी गोळा व त्याची वाटी अशीच जोडी असते. कारागीर तिला बॉल जॉइंट म्हणतात. आत वंगण, वरून रबरी बूट. शिक्षक बंधुभगिनींनी करवंटीत चेंडू फिरवून हे वर्गात जरूर दाखवावे.

आपल्या सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट गाड्या निघाल्या. त्यांची पुढची चाके स्वतंत्रपणे खाली-वर होत, मागे कमान-पाटे असत. जुन्या जीपमध्ये पुढची दोन्ही चाके एकाच आडव्या दांड्याला जखडलेली. एक खड्ड्यात गेले की दुसऱ्यालाही हिसका बसे. चाके सुटी झाली तसा प्रवास सुखाचा झाला, पण त्यांना धरून ठेवणाऱ्या सांध्यांवर भिस्तही वाढली.

हा सांधा झिजला म्हणजे काय होते? गाडी सरळ रस्त्यावरही एका अंगाला ओढते, खड्ड्यात खट्‌खट्‌ वाजते, टायर एकाच कडेने खाल्ला जातो. बहुतेक वेळा सुरुवात फाटलेल्या बुटापासून होते. आपल्याकडची उन्हाळ्यातली धूळ आणि पावसाळ्यातला काळा चिखल आत शिरला, की वंगणाचा गंध होतो आणि तो गोळ्याला घासू लागतो. शेवटी गोळा वाटीतून निसटला तर चाक बाहेर फाकते, आणि मग स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखेच.

तपासणी सोपी आहे. गाडी सपाट जागी उभी करून इतर चाकांना दगड लावावेत, चाक जॅकवर उचलावे, खाली भक्कम टेकू द्यावा. चाक वर-खाली धरून हलवावे. ढिलाई जाणवली तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगावे. ब्रेक दाबताच ढिलाई गेली तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. राहिली तर संशय बॉल जॉइंटवर. डावी-उजवीकडे हलवताना ढिलाई लागली तर टाय रॉडचे टोक पाहावे. गाडीखाली मात्र केवळ जॅकच्या भरवशावर कुणी शिरू नये.

आता सुधारणेविषयी. गाडी वळणावर घट्ट राहावी म्हणून पुष्कळ तरुण मूळच्या रबरी बुशांऐवजी पॉलियुरेथेनचे कडक बुश घालतात. चाकाचा कोन त्याने ढळत नाही हे खरे. पण रस्त्याचा दणका थेट अंगावर येतो, आणि वंगण चुकले की बुश कुरकुरतात. शर्यतीच्या गाड्यांत रबर मुळीच नसलेले उघडे गोल सांधे असतात. ते अचूक खरे, पण धुळीत लवकर झिजतात. बार्शी, करमाळा, अक्कलकोटच्या कच्च्या रस्त्यांना ते मानवणार नाहीत. गाडी फार उंच केली तरी सांधे तिरके ताणले जातात आणि त्यांचे आयुष्य घटते.

तेव्हा क्रम असा ठेवावा. आधी झिजलेले सांधे व बुश बदलावेत, तेही दोन्ही बाजूंचे. बूट चांगले असावेत. जिथे ग्रीस भरण्याची सोय आहे तिथे ते वेळेवर भरावे. काम झाल्यावर चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे, नाहीतर नवा टायरही वाया जातो. एवढ्यानेच पुष्कळ गाड्या ताळ्यावर येतात. कडक बुशांचा विचार त्यानंतर.

पंढरपूरच्या वारीला, तुळजापूरच्या यात्रेला आपण घरची सगळी माणसे एका जीपमध्ये बसवून निघतो. लिंबाएवढ्या गोळ्याच्या भरवशावर ती सारी बसलेली असतात. निघण्याआधी तेवढा गोळा तपासून घ्यावा.