दोन लाख कोटी शिंपल्यांची साक्ष

गेल्या आठवड्यात आपण झाडांच्या खोडातली वर्तुळं पाहिली. जमिनीवरचे जुने पावसाळे झाडं सांगतात. नदी समुद्राला मिळते तिथला भूतकाळ मात्र शिंपल्यांनाच विचारावा लागतो. त्यासाठी आज मेक्सिकोत, कोलोरॅडो नदीच्या मुखाशी जाऊ.

रॉकी पर्वतातलं बर्फ वितळून निघालेली ही नदी अमेरिकेतून वाहत येऊन कॅलिफोर्नियाच्या आखाताला मिळत असे. 1935 मध्ये हूवर धरण झालं, 1963 मध्ये ग्लेन कॅन्यन धरणाची दारं बंद झाली, उरलंसुरलं पाणी शेतीनं आणि शहरांनी घेतलं. तेव्हापासून एखादं खूप पाण्याचं वर्ष सोडलं, तर नदी समुद्रापर्यंत पोचतच नाही. पण धरणांआधी तिच्या मुखाशी किती जीव नांदत होते, हे कुणी मोजून ठेवलेलं नव्हतं.

ती मोजदाद शेवटी मेलेल्यांवरून करावी लागली. आखाताच्या या टोकाला भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरपर्यंत जातो. नदीचा नवा गाळ यायचा थांबल्यावर पाण्यानं जुना चिखल धुऊन नेला, शिंपले मागे राहिले आणि त्यांचेच लांबलचक पांढरे बांध आणि बेटं तयार झाली. त्यातले बहुतेक शिंपले एकाच जातीचे, म्युलिनिया कोलोरॅडोएन्सिस या आपल्या तिसऱ्यांसारख्या दोन कवचांच्या प्राण्याचे. शास्त्रज्ञ मिखाल कोवालेव्स्की, कार्ल फ्लेसा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या ढिगांचा हिशेब 2000 साली प्रसिद्ध केला. किमान दोन लाख कोटी शिंपले! रेडिओकार्बनवरून आणि कवचातल्या अमिनो आम्लांत मृत्यूनंतर होत जाणाऱ्या बदलांवरून त्यांचं वय काढलं, तर हा साठा साधारण गेल्या हजार वर्षांतला निघाला. एका प्राण्याचं आयुष्य तीनेक वर्षांचं धरलं, तर कुठल्याही वेळी तिथे सरासरी 600 कोटी जिवंत प्राणी असणार, म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे 50. त्या अभ्यासाच्या वेळी तिथे चौरस मीटरला तीनच्या आसपासच सापडले.

पण हे नदी आटल्यामुळेच झालं कशावरून? मला या संशोधनातला सर्वांत सुंदर भाग इथेच वाटतो.

शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. त्यातला ऑक्सिजन भोवतालच्या पाण्यातून येतो. ऑक्सिजनचे बहुतेक अणू हलके, 16 वजनाचे. थोडे जड, 18 वजनाचे. डोंगरातल्या बर्फाच्या पाण्यात जड अणू कमी असतात, तर उन्हानं सतत आटणाऱ्या आखाताच्या पाण्यात जास्त. शिंपला थराथरानं वाढतो, म्हणून बारीक ड्रिलनं त्याच्या वाढीच्या रेषांवरून ओळीनं चिमूटभर भुकटी काढली, की त्या प्राण्याचे ऋतू एकामागून एक वाचता येतात. जड ऑक्सिजन कमी झाला, तिथे नदीचं पाणी आलं असणार. मात्र पाणी तापलं तरीही शिंपल्यात जड ऑक्सिजन कमीच जातो, आणि बर्फाचा पूर यायचा तोही नेमका मे-जूनच्या सुमाराला. दोन कारणं आणि खूण एकच! उत्तर मिळालं ते धरणांनंतर त्याच भागात वाढलेल्या शिंपल्यांत. त्यांच्यात नदीचा वाटा जवळजवळ नाही, बदल दिसतो तो तापमानाचा. जुन्या शिंपल्यांतला फरक त्याहून कितीतरी मोठा निघाला. ती जास्तीची घट हाच गोड्या पाण्याचा पुरावा. म्युलिनिया जिथे कोट्यवधींनी वाढत होत्या, तिथलं पाणी एकेकाळी निमखारं होतं. त्याच खाडीत वाढणाऱ्या तोतोआबा माशाच्या कानातले खडेही हेच सांगतात. त्यांची हकिकत पुढच्या लेखात.

हे गोडं पाणी मुखाला परत देण्याचा एक प्रयत्नही झाला. 23 मार्च 2014 रोजी अमेरिका आणि मेक्सिकोच्या करारानुसार याच नदीवरच्या मोरेलोस धरणातून पाणी सोडायला सुरुवात झाली. आठ आठवड्यांत सुमारे 13 कोटी घनमीटर पाणी सोडलं गेलं आणि मे महिन्यात नदी पुन्हा भरतीच्या पाण्याला भेटली. नदीच्या जुन्या वार्षिक प्रवाहाच्या तुलनेत हे पाणी एक टक्काही नव्हतं. म्हणून ही सुरुवात मोलाची असली, तरी तिला पुनरुज्जीवन म्हणणं मला पटत नाही.

समुद्राला मिळणारं पाणी वाया जातं, हे आपल्याकडेही कोकणातल्या नद्यांबद्दल नेहमी बोललं जातं. पुढच्या वेळी असा एखादा प्रकल्प तुमच्या भागात चर्चेला आला, तर खाडीतल्या तिसऱ्या, कालवं, खेकडे आज किती आहेत याची नोंद झाली आहे का, हे ग्रामसभेत जरूर विचारा. झाली नसेल, तर पाणी अडवण्याआधी ती करायला लावा.