अठरावाली आणि छत्तीसवाली

जूनमध्ये बव्हेरियातली कुरणं पांढऱ्या डेझीनं भरून जातात. जर्मन लोक तिला मार्गेरिटे म्हणतात. आपल्या शेवंतीची ही जवळची नातलग. लेकीकडे गेले की मी तिथं खाली बसून पानं न्याहाळते, कारण त्या पांढऱ्या गर्दीत दोन जाती असतात. ल्युकॅन्थेमम व्हल्गेरेच्या पेशीत 18 गुणसूत्रं, तर ल्युकॅन्थेमम इरकुटियानमच्या पेशीत 36. पानांच्या कडांवरून अंदाज बांधता येतो, पण खात्री मोजल्यावरच.

मी कॉलेजात शिकवत असताना मोजणी हातानं व्हायची. मुळांची कोवळी टोकं कॉल्चिसिनमध्ये ठेवायची, रंगवायची, काचपट्टीवर अंगठ्यानं दाबायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली धीरानं मोजायची. आता पानाचा तुकडा ब्लेडनं बारीक चिरतात, केंद्रकं रंगवतात आणि त्यातल्या डीएनएचं प्रमाण यंत्र काही मिनिटांत सांगतं.

या डेझींचा मूळ संच 9 गुणसूत्रांचा. परागकण किंवा बीजांड तयार होताना कधीकधी संख्या निम्मी व्हायची राहून जाते, आणि पुढच्या पिढीत संच वाढतात. कधी दोन जातींचा संकर होऊन दोघींचे संच एकत्र नांदतात. म्हणून याच प्रजातीत 54 आहेत, 72 आहेत. पोर्तुगालच्या ल्युकॅन्थेमम लॅकुस्ट्रेमध्ये तर 198, म्हणजे 22 संच! माणसाची 46. जास्त गुणसूत्रं म्हणजे वरचा दर्जा, हा समज इथंच गळून पडतो.

18 आणि 36 वालीचा संकर झाला तर रोपाला 27 मिळतात, प्रत्येक गुणसूत्र तिहेरी. तिघींनी फुगडी धरायची म्हटली तर एक उरतेच. तसं होऊन परागकण बिघडतात आणि बी फारसं धरत नाही. शेजारी फुलूनही दोघी वेगळ्या राहतात त्या यामुळे.

हा फरक कागदावरचा नाही. उत्तर अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात कुरणांत तण म्हणून माजलेली डेझी जवळजवळ सगळी अठरावाली आहे. काश्मीरच्या कुरणांतही व्हल्गेरे पसरली आहे. पर्यटक हौसेनं तिच्यात उभे राहून फोटो काढतात.

शिवाय संख्या सारखी असली तरी डोंगरावरची आणि नदीकाठची झाडं जनुकांनी एकसारखी नसतात. म्हणूनच जर्मनीत मार्च 2020 पासून मोकळ्या निसर्गात रानफुलं पेरताना त्याच प्रदेशातलं बी वापरण्याचा नियम आहे. मला तो मनापासून पटतो. त्या पाकिटावर प्रदेशाच्या नावाशेजारी 18 की 36 हेही छापायला हवं.