संगणकजालाचा नकाशा : प्रयोजन आणि पद्धती

मनमाड येथे मुंबई, भुसावळ, दौंड आणि छत्रपती संभाजीनगर या चार दिशांचे लोहमार्ग एकत्र येतात, असे रेल्वेचा कोणताही नकाशा सांगतो. तथापि विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापर्यंत एवढे सांगणे पुरेसे नव्हते. मराठवाड्याकडून येणारा मार्ग मीटरगेज होता व उरलेले ब्रॉडगेज होते. त्यामुळे एका मार्गावरची वाघीण दुसऱ्यावर जाऊ शकत नसे. माल उतरवून पुन्हा चढवावा लागे. नकाशावरील रेषा एका बिंदूत मिळत होत्या, पण वाहतूक अखंड नव्हती. काय कोठे जोडले आहे आणि त्या जोडणीतून काय जाऊ शकते, हे दोन निराळे प्रश्न आहेत. संगणकजालाचा नकाशा तयार करताना हाच भेद प्रथम ध्यानी घ्यावा लागतो.

एखाद्या महाविद्यालयात वा कचेरीत संगणक, छपाईयंत्रे, कॅमेरे, स्विच, राउटर यांची खरेदीनोंद बहुधा असते. परंतु ही नोंद म्हणजे नकाशा नव्हे. शब्दसंग्रह म्हणजे भाषा नव्हे; शब्दांचे परस्परसंबंध ज्यातून कळतात ते व्याकरण निराळे. तद्वत उपकरणांची यादी हाती असूनही एक स्विच बंद पडल्यास कोणकोणते विभाग खंडित होतील, हे तिच्यावरून सांगता येत नाही.

या अज्ञानाची किंमत केवढी असू शकते, हे २०१७ साली दिसून आले. त्या वर्षी २७ जून रोजी ‘नॉटपेट्या’ हा विध्वंसक प्रोग्राम युक्रेनमधील एका हिशेबप्रणालीच्या सुधारित आवृत्तीतून शिरला आणि जोडलेल्या जालांतून देशोदेशी पसरला. मर्स्क या जहाजकंपनीच्या समूहाकडे असलेल्या न्हावाशेवा येथील टर्मिनलचे काम त्यामुळे विस्कळित झाले. कंपनीला सुमारे ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक नव्याने उभारावे लागले. असा संसर्ग कोठवर जाऊ शकेल आणि कोणता दुवा तोडला असता तो थांबेल, या प्रश्नांचे उत्तर आपत्तीच्या क्षणी शोधता येत नाही. ते आधीच रेखाटलेले असावे लागते.

नकाशाची किमान दोन पाने असावीत. पहिल्यावर भौतिक रचना येते : कोणती तार कोणत्या खोलीतून निघून कोणत्या स्विचच्या कितव्या पोर्टात जाते. दुसऱ्यावर तार्किक रचना येते : पत्त्यांचे गट कोणते आणि कोणत्या गटाला कोणत्या गटाशी बोलण्याची मुभा आहे. एकाच स्विचला जोडलेली दोन यंत्रे निरनिराळ्या आभासी जालांत असू शकतात. मनमाडच्या दोन गेजांप्रमाणे ती शेजारी असूनही परस्परांस थेट पोहोचत नाहीत.

प्रत्यक्ष कामाचा आरंभ लेखी अनुमतीने व्हावा. मालकाच्या संमतीवाचून संगणकजालात प्रवेश करणे हे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ खाली येते. त्यानंतर खोल्याखोल्यांतून फिरून तारा व पोर्ट नोंदवावेत. मग जालालाच प्रश्न विचारावा. ‘१९२.१६८.१’ ने सुरू होणाऱ्या नेहमीच्या गटात यंत्रांना देण्याजोगे २५४ पत्ते असतात. त्या प्रत्येकाला ‘पिंग’चा संदेश धाडून कोण उत्तर देते ते पाहता येते. ‘एनमॅप’ हे १९९७ साली प्रसिद्ध झालेले साधन हे काम झपाट्याने करते. मात्र मौन म्हणजे अभाव नव्हे. पुष्कळ यंत्रे अशा हाकेला उत्तर देऊ नये अशीच बसविलेली असतात. म्हणून स्विचच्या स्मृतीतील मॅक पत्त्यांचे कोष्टक ताडून पाहावे. कोणत्या पोर्टामागे कोण बोलले, हे त्यात आढळते. ज्या स्विचांत ‘एलएलडीपी’ हा २००५ साली प्रमाणित झालेला संकेत चालू असेल, ते आपले नाव व पोर्ट शेजाऱ्यास आपण होऊनच कळवितात.

येथे नाव आणि वस्तू यांची गल्लत होऊ देता कामा नये. आयपी पत्ता पुष्कळदा ठरावीक मुदतीपुरता उसना दिलेला असतो. आज तो एका यंत्राचा, तर उद्या दुसऱ्याचा. ४८ बिटांचा मॅक पत्ता कायमचा मानण्याची रूढी होती, पण अलीकडचे मोबाईल फोन निरनिराळ्या जालांत निरनिराळा मॅक पत्ता दाखवितात. सबब नकाशात यंत्राचे स्थान, काम आणि त्यास जबाबदार असणारी व्यक्ती यांचीही नोंद हवी.

शेवटी खरेदीची यादी, फिरून केलेली नोंद आणि जालाने दिलेली उत्तरे ही तिन्ही एकमेकांशी ताडून पाहावीत. त्यांत जेथे मेळ बसत नाही, तेथेच सर्वेक्षणाचे खरे फलित असते : यादीत नसलेले पण बोलणारे यंत्र, किंवा यादीत असून कोठेच न सापडणारे. नकाशावर दिनांक घालावा, प्रत्येक फेरबदलाबरोबर तो सुधारावा आणि त्याची एक प्रत कागदावर ठेवावी. कारण जाल कोसळल्यावर जालातच ठेवलेला नकाशा हाती लागत नाही.