चिमूटभर मातीतले परार्ध

भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’त मोठ्या संख्यांची नावं ओळीने मांडली. कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि शेवटी परार्ध. परार्ध म्हणजे १ वर १७ शून्यं. आपल्यापैकी अनेकांनी ही यादी घोकली, पण कोटी-अब्जाच्या पुढची नावं रोजच्या व्यवहारात कुठे लागतात, हे काही कळलं नाही. ती लागतात माती तपासताना. कन्हानच्या एखाद्या वावरातली ५ ग्रॅम माती परीक्षानळीत घ्या, जलधी आणि परार्ध दोघेही हजर होतात.

नागपूर जिल्ह्यातलं कन्हान म्हटलं की कोळशाच्या खाणी, रेल्वे आणि नदी डोळ्यांपुढे येते. पण या पट्ट्यात धानाच्या बांध्या आहेत, कापसाची वावरं आहेत, आणि पावसाला सुरुवात झाली की तिथे युरियाची चुंगडी फुटते. एक चुंगडी ४५ किलोची. १ ग्रॅम युरियात साधारण १ लाख परार्ध रेणू असतात. म्हणजे एका चुंगडीत साडेचार अब्ज परार्ध. संख्येचं शेवटचं नाव इथे मोजमापाचं पहिलं माप होतं.

हा युरिया पिकाला बहुतांशी अमोनिया आणि पुढे नायट्रेट होऊनच मिळतो, आणि स्वतःहून फुटायची त्याला अजिबात घाई नसते. २५ अंश सेल्सिअसच्या स्वच्छ पाण्यात विरघळवून ठेवला, तर निम्मा फुटायला सुमारे ४० वर्षं जातात. आज टाकलेलं खत नातवाच्या पिकाला लागू पडायचं! प्रत्यक्षात वावरात हे काम काही दिवसांत उरकतं, कारण मातीत युरियेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. ते या क्रियेचा वेग सुमारे १ जलधी पट वाढवतं, म्हणजे १ वर १४ शून्यं इतके पट. युरियेजचा एकेक रेणू सेकंदाला युरियाचे हजारो रेणू फोडतो.

याच्याही पुढे गेलेलं एक विकर आहे. आपल्या पेशींत डीएनए-आरएनएची काही अक्षरं घडवताना एक पायरी लागते. ती पायरी विकराविना पाण्यात आपोआप घडू दिली, तर निम्मे रेणू पुरे व्हायला ७ कोटी ८० लाख वर्षं लागतात, हे रॅडझिका आणि वुल्फेंडन या अमेरिकेतल्या संशोधकांनी १९९५ साली दाखवलं. दख्खनचा काळा पाषाण ज्या लाव्ह्यातून झाला, तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. म्हणजे विदर्भाच्या काळ्या मातीची आई जन्मण्याआधी सुरू केलेलं काम आज जेमतेम अर्ध्यावर आलं असतं. विकर असलं की तेच काम सेकंदाच्या पन्नासाव्या भागात होतं. इथे वेग वाढतो तो सुमारे १ परार्ध पट. भास्कराचार्य जिथे थांबले, नेमकं तिथवर.

असल्या कामाची मोजदाद कशी करायची? विकराचे रेणू एकेक करून कुणी मोजत नाही. मोजायचं ते त्यांचं काम. विकर ज्या पदार्थावर काम करतं त्याला सब्स्ट्रेट म्हणतात. इथे तो युरिया. ५ ग्रॅम मातीत टोल्युइनचे थोडे थेंब घालतात, म्हणजे तपासणी चालू असताना मातीतले जिवाणू वाढत नाहीत. मग ठरावीक आम्लतेचं द्रावण आणि मोजून युरिया घालून नळी ३७ अंशांवर २ तास ठेवतात. शेवटी किती अमोनिया सुटला ते मोजतात. जोडीला युरिया न घातलेली एक नळी ठेवावीच लागते, कारण मातीत आधीपासूनचाही अमोनिया असतो. ती वजाबाकी विसरली की सगळा आकडा खोटा ठरतो.

सब्स्ट्रेट मुद्दाम भरपूर घालतात. कामठी आणि कन्हान यांच्यामधल्या नदीवरच्या जुन्या पुलाची आठवण काढा. रहदारी तुरळक असली की पुलावरून मिनिटाला किती गाड्या जातात यावरून फक्त रहदारी कळते. दोन्ही बाजूंना रांगा लागल्या, की मगच पुलाची खरी क्षमता कळते. रांग दुप्पट केली तरी पलीकडे पोचणाऱ्या गाड्या तेवढ्याच. लिओनोर मायकेलिस आणि मॉड मेंटन यांनी १९१३ साली विकरांचं हेच वागणं गणितात बसवलं, आणि त्यांचं सूत्र आजही प्रत्येक प्रयोगशाळेत वापरात आहे.

या मोजणीचं एकक बोलायला अगदी साधं आहे. मिनिटाला १ मायक्रोमोल सब्स्ट्रेट बदललं तर १ युनिट. पण त्या १ युनिटमध्ये मिनिटाला ६ परार्ध रेणू बदलतात, म्हणजे सेकंदाला १ मध्य. तुमच्या घरातल्या रक्ततपासणीच्या कागदावर एसजीपीटी या यकृतातल्या विकरापुढे ४० युनिट प्रतिलिटर असं लिहिलेलं असेल, तर त्या रक्तद्रवाच्या अवघ्या १ मिलीलिटरमध्ये तपासणीच्या वेळी सेकंदाला ४ जलधी रेणू बदलत होते. यकृताची खबर आपल्याला या गणतीतून मिळते.

आता पुन्हा वावरात येऊ. समजा, १ ग्रॅम माती तासाला १ मायक्रोमोल युरिया फोडते. हा आकडा काही अचाट नाही. सेकंदाला हे पावणेदोन जलधी रेणूंच्या आसपास भरतं. एका एकरातल्या वरच्या १५ सेंटिमीटर मातीचं वजन साधारण ८ लाख किलो. तेवढी माती पूर्ण ताकदीने राबली तर तासाला ४८ किलो युरिया फोडेल. एका तासात एक चुंगडी फस्त! शिवारात असं घडत नाही, कारण तिथे प्रत्येक कणापाशी युरिया पोचलेला नसतो, ओल कमी-जास्त असते, आणि तापमान कुणी ३७ अंशांवर धरून ठेवत नाही. म्हणून तपासणीचा आकडा मातीची ऐपत सांगतो, काल वावरात काय झालं ते नाही. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण आकडा मोठा दिसला की माणूस त्याच्याकडून नको ते वदवून घेतो.

युरियेज या विषयात मानाचं आहे ते आणखी एका कारणाने. अमेरिकेतल्या जेम्स समनर यांनी आपल्या अबईच्या जातकुळीतल्या एका शेंगेच्या दाण्यांवर नऊ वर्षं घालवली आणि १९२६ साली युरियेजचे स्फटिक काढले. स्फटिकरूपात हाती आलेलं हे पहिलं विकर. शिकारीतल्या अपघातात तरुणपणीच त्यांचा डावा हात गेला होता, आणि ते डावखुरे होते. विकर हे प्रथिन असतं, हे त्यांचं म्हणणं नामवंतांनी कित्येक वर्षं मानलं नाही. नोबेल मिळालं १९४६ साली.

२०१५ पासून शेतकऱ्याला मृदा आरोग्य पत्रिका मिळते. तिच्यात १२ घटक असतात : नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. कोठारात किती माल आहे, हे त्यातून कळतं. कोठारातले हात किती चालतात, याचा रकाना त्यात नाही. मातीतल्या जिवंत जिवाणूंचं काम मोजायला डिहायड्रोजिनेज या विकराची तपासणी आहे. तिच्यात रंगहीन रसायन मातीत मिसळून २४ तास ठेवतात; जिवाणू कामात असले तर ते लाल होतं, आणि लाली जितकी गडद तितकं काम जास्त. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरो आणि पर्यावरण संशोधन करणारी नीरी या दोन्ही संस्था नागपुरात आहेत, कन्हानपासून फार लांब नाहीत. पत्रिकेत या लालीसाठी तेरावा रकाना सुरू करा, आणि त्याची पहिली नळी कन्हानच्या खाणींशेजारच्या मातीची असू द्या.